चार ओळींत न मावणारी आजी

महोदय,

निधनवार्तांच्या रकान्यात वयोवृद्ध आजीच्या वाट्याला बहुधा चारच ओळी येतात. वय, मुलं, सुना, नातवंडं, संपलं. आमची आजी नव्वदी ओलांडून गेली, तेव्हा आम्हीही तेवढंच छापायला दिलं.

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिची एक जाडजूड वही होती. कुणाला कोणतं औषध सोसत नाही, कुणाला पहिला दात कधी आला, कुणी उसने पैसे नेले आणि (हे ठळक अक्षरांत) कुणी परत केले नाहीत, सगळं पेन्सिलीनं टिपलेलं. स्वभाव मात्र गोडबिड नव्हता. चूक दिसली की चारचौघांत फटकारायची. पण रात्री-बेरात्री कुणाचं मूल तापलं, तर उशाशी तीच बसलेली असायची.

मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाद्झा समाजाचा अभ्यास केला. आई नव्या बाळात गुंतली, की थोरल्या मुलांच्या पोटाला आजीनं खणून आणलेल्या कंदमुळांचा आधार होतो, असं त्यांना आढळलं. पाळी थांबल्यावरही स्त्रिया इतकी वर्षं का जगतात, याचं एक उत्तर त्यातून पुढे आलं. त्यावर वाद आहेत. मला मात्र ते पटतं.

निधनवार्तेसोबत घरच्यांनी लिहिलेल्या पन्नासेक शब्दांच्या आठवणीला आपल्या अंकात जागा देता येईल का? शक्य असल्यास विचार व्हावा.

– एक वाचक