तक्रार: यूटू कॉन्सर्टचं नाशिक-नेरुळ बस पॅकेज, सीट नं. ११ आणि १२

दि. १९ डिसेंबर २०१९, नाशिक

नमस्कार मॅनेजर साहेब,

फोनवर तीनदा सांगून झालं, तुमच्या ऑफिसातल्या मॅडम दर वेळी "सर मेल टाका" म्हणतात म्हणून टाकतोय, जरा लांब आहे पण वाचा पूर्ण.

रविवारी १५ तारखेला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला यूटू या रॉक बँडचा शो होता, त्याचं तुमचं पॅकेज मी आणि माझ्या मुलीने घेतलं होतं. माणशी ९५०० म्हणजे दोघांचे १९०००, त्यात तिकीट, येणं-जाणं एसी पुशबॅक बस आणि "संध्याकाळी ६ वाजता स्टेडियमच्या गेटवर". हे तुमच्याच व्हॉट्सअ‍ॅपच्या पोस्टरवर लिहिलंय, माझ्याकडे आहे ते, जपून ठेवलंय.

आता झालं काय ते सांगतो. साडेअकराला नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहायला सांगितलं, आम्ही सव्वाअकरालाच हजर. बस आली दुपारी सव्वा वाजता. का तर म्हणे नाशिकरोडचे चार पॅसेंजर घ्यायला गेली होती. अहो मुंबई कुठे, नाशिकरोड कुठे, त्या चौघांना रिक्षाने द्वारकाला बोलवायचं ना. बस एसी नव्हती, खिडक्या होत्या आणि त्यातली आमची बंद होत नव्हती. चला, डिसेंबर आहे, भागलं, एसीवर मी भांडतच नाहीये.

मग घोटीला ढाब्यावर थांबली. पोस्टरवर "१५ मिनिटं चहा" होतं, थांबली ५५ मिनिटं, मी घड्याळ लावून मोजली, कारण ड्रायव्हर आणि क्लीनरचं जेवण आत खाट टाकून निवांत चाललं होतं. तुमचा को-ऑर्डिनेटर म्हणून पाठवलेला पोरगा, चांगला होता बिचारा, त्याच्यावर राग नाही, पण तो मला तिथे विचारतो, "काका हे यूटू म्हणजे यूट्यूबवाले का?" मी काय बोलणार. त्याला म्हटलं बाळा, जे असेल ते, फक्त वेळेवर पोचव.

पोचवलं नाही. कसारा घाट बरा गेला, पण रविवारी संध्याकाळी मानकोली आणि मुंब्रा बायपासला काय होतं हे नाशिकच्या कुठल्याही शेंबड्या पोराला माहितीये, तुम्ही तर रोज गाड्या सोडता. शिळफाट्याला हललोच नाही आम्ही. नेरुळला पावणेआठ वाजले आणि तिथेही गेटवर नाही, ड्रायव्हर म्हणाला पुढे पोलीस सोडत नाहीत, हायवेच्या कडेलाच उतरवलं. तिकिटं त्या पोराकडे एका गठ्ठ्यात, तो मोबाईलच्या उजेडात एकेकाचं नाव वाचतोय, एकाच आडनावाचे तिघं निघाले त्यात, त्यांची अदलाबदल, पुन्हा यादी पहिल्यापासून. ही तिकिटं साडेसहा तास बसमध्येच होती साहेब. तेव्हा का नाही वाटली?

पळत गेलो. मी पन्नाशीचा माणूस, गुडघा दुखतो. सिक्युरिटीला बॅग अडवली कारण तुम्ही ग्रुपवर लिहिलं होतं "छोटी बॅग व खाऊ चालेल", तिथे कशालाच परवानगी नाही, बायकोने दिलेली चिवड्याची पिशवी गेली डब्यात. आणि ती बॅग ठेवायची कुठे हे विचारत उभा असताना आतून ड्रम सुरू झाला.

इथे मला थोडं थांबून सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही मी कशासाठी भांडतोय.

मी ८८ साली एचपीटी कॉलेजला होतो तेव्हा एका मित्राने 'द जोशुआ ट्री' नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून दिला होता. यूटूचा अल्बम, १९८७ चा. ती कॅसेट इतकी वाजवली की आवाज लहरायला लागला, पेन्सिल घालून किती वेळा गुंडाळली त्याला गणती नाही. हा बँड १९७६ पासून डब्लिनचा, १९७८ पासून आजपर्यंत तेच चौघं, आणि भारतात आजवर एकदाही शो केला नव्हता. हा पहिला, आणि त्यांच्या या 'जोशुआ ट्री' टूरचा शेवटचा. त्यांचा गायक बोनो एकोणसाठचा आहे. परत येतील का, आणि आले तर मी असेन का, असा हिशोब आहे.

या टूरमध्ये सुरुवात कशी होती ते मी दोन महिने आधीपासून बघून ठेवलं होतं. एवढा मोठा दोनशे फुटी स्क्रीन असतो पण तो सुरुवातीला वापरतच नाहीत. गर्दीच्या मधोमध छोटं स्टेज असतं, तिथे ड्रमर लॅरी मलन आधी एकटा चालत येतो, बसतो आणि वाजवायला लागतो. मग बाकीचे एकेक करून येतात. चार माणसं आणि त्यांची वाद्यं, बस, जुन्या दिवसांत वाजवायचे तसं. ती पहिली गाणी त्या छोट्या स्टेजवरच होतात. मुलीला मी हेच सांगत होतो अख्खा रस्ता, की बाकी काही चुकलं तरी चालेल, तो एकटा चालत येताना बघायचं.

तो ड्रम मी सिक्युरिटीच्या पत्र्याला चिकटून ऐकला. स्टेडियमच्या भिंतीवरून जो आवाज बाहेर येतो ना, त्यात नुसता धप धप येतो, बाकी सगळं लोकांच्या ओरडण्यात जातं. मुलगी म्हणाली, "बाबा, हेच का ते?" मी हो म्हटलं.

आत जाऊन सीट सापडेपर्यंत छोट्या स्टेजवरचं संपलं होतं. पुढचं सगळं बघितलं, खोटं बोलणार नाही. स्क्रीन लाल झाला, त्यावर त्या झाडाची काळी आकृती, खाली ते चौघं मुंगीएवढे, आणि अल्बमची अकराच्या अकरा गाणी ओळीने. शेवटी ए. आर. रहमान स्वतःच्या मुलींना घेऊन आला तेव्हा माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर हात टाकून नाचत होता. पैसे वसूल झाले म्हणाल तर शो करणाऱ्यांनी वसूल करून दिले, तुम्ही नाही.

परत येतानाचं थोडक्यात. बस नेरुळच्या एलपी चौकाच्या पुढे पुलाखाली लावलेली, ड्रायव्हर झोपलेला, फोन स्विच ऑफ, बस शोधण्यात दीड तास. नाशिकला सकाळी साडेपाचला उतरलो आणि आठला सातपूरला माझी ड्युटी.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सगळ्यांनी लिहायला सुरुवात केली तर तुम्ही ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' करून टाकला. आणि फोनवर मॅडम काय म्हणाल्या, "सर, कॉन्सर्ट तर बघितलाच ना तुम्ही?" हे वाक्य मला फार लागलं. लग्नाला बोलावून मंगलाष्टकं झाल्यावर हॉलवर सोडायचं आणि जेवलात ना म्हणायचं, असं झालं हे.

तर माझं म्हणणं असं. तिकिटाचे पैसे मागत नाही, ते मागायचा माझा हक्क नाही कारण शो बघितला. बसचे आणि "सर्व्हिस"चे म्हणून तुमच्या पावतीत माणशी ३००० लावलेत, ते दोघांचे ६००० परत हवेत. आणि ग्रुप उघडा, बाकीच्यांनाही बोलू द्या, आमच्या बसमध्ये सत्तरीचे एक आजोबा होते, ते तर गेटपर्यंत चालूच शकले नाहीत, नातू त्यांना रिक्षात बसवून आणेपर्यंत अर्धा शो गेला त्यांचा. त्यांना माझ्याआधी पैसे द्या.

पंधरा दिवस वाट बघतो, मग ग्राहक मंचात अर्ज. त्याला वकील लागत नाही, मी चौकशी केलीये. पोस्टर, पावती, बस आल्याच्या वेळेचा फोटो सगळं आहे.

आणि ते शिर्डी-शिंगणापूर सहलीवर १५ टक्के सूटचं कूपन पाठवलंत ते परत घ्या. शिर्डीला आम्ही एसटीने जातो.

पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात टाका, म्हणजे नोंद राहील.

आपला,
सीट नं. ११
(१२ नंबर माझी मुलगी, तिचीही हीच तक्रार समजावी)