एनिस्कॉर्थीचा पूर रोखा, पण गावाला स्लेनीपासून तोडू नका

प्रति,
माननीय राज्यमंत्री,
ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्स, आयर्लंड

मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

मी वेक्सफर्ड काउंटीत राहते. इथे नागरिक नसलेल्या रहिवाशालाही स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, त्याच नात्यानं हे पत्र. मराठीत अशासाठी, की इथल्या मराठी मंडळींनीही या प्रश्नात लक्ष घालावं.

डिसेंबर २०१५ मध्ये फ्रँक वादळात स्लेनी नदी आमच्या काउंटीतल्या एनिस्कॉर्थी गावाच्या दुकानांत शिरली. गावाला पूर नवा नाही, पण संरक्षण अजून नाही. पात्र खोल आणि रुंद करण्याचा आराखडा पर्यावरणाच्या मुद्द्यावर नामंजूर झाला. तो नकार मला चुकीचा वाटत नाही. स्लेनीत मोत्याचे शिंपले आहेत. ते शंभर वर्षांहून जास्त जगतात आणि त्यांची पिल्लं सुरुवातीला सामन-ट्राउटच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात. तळ उपसला तर ते परत येणार नाहीत. मात्र नकार देऊन सरकारची जबाबदारी संपत नाही. काठावरच्या दुकानदाराला पुढची तारीख कोण सांगणार?

आपल्याकडे पूरनियंत्रण आहे आणि राष्ट्रीय स्मारकांची देखभालही आहे. जवळच्या फर्न्सचा किल्ला आपलंच खातं सांभाळतं. म्हणून नवा आराखडा आखताना अभियंत्यांच्या शेजारी इतिहास जाणणारी माणसंही बसवा, ही माझी मुख्य मागणी आहे.

कारण हे गाव नदीमुळेच आहे. भरतीचं पाणी इथवर येतं, त्यामुळे सपाट बुडाच्या होड्यांतून माल खाली वेक्सफर्ड बंदराला जायचा. पाण्यावर नजर ठेवणारा किल्ला तेराव्या शतकात नॉर्मनांनी उभारला. पुढे सोळाव्या शतकाच्या शेवटी सर हेन्री वॉलप या इंग्रज अधिकाऱ्यानं तो नव्यानं बांधून घेतला आणि आसपासच्या ओकच्या जंगलांतून लाकडाचा व्यापार केला.

ब्रिटिश सत्तेविरुद्धचा १७९८ चा उठाव तर नदी वगळून सांगताच येत नाही. २८ मे रोजी बंडखोरांनी डफ्री गेट या गावाच्या वेशीवर गुरांचा कळप पुढे हाकलून गाव जिंकलं. २१ जूनला जनरल लेकच्या ब्रिटिश सैन्यानं पलीकडच्या व्हिनेगर हिलवर तोफा डागल्या, तेव्हा खाली पुलासाठी रस्त्या-रस्त्यांत झुंज चालू होती. बंडखोर म्हणजे भाले घेतलेली साधी शेतकरी माणसं होती. टेकडीवर पवनचक्कीचा पडका बुरूज आहे. तिथून खाली पाहिलं की पूल, किल्ला, वास्तुविशारद प्युजिननं आखलेलं १८४३ चं सेंट एडन्स कॅथेड्रल आणि शिल्पकार ऑलिव्हर शेपर्डनं घडवलेला १७९८ च्या स्मरणाचा पुतळा असलेला बाजारचौक नदीभोवती कसे बसले आहेत ते उमगतं. १९१६ च्या आयरिश स्वातंत्र्याच्या उठावातही हे गाव उठलं. अथेनियम या गावच्या सभागृहात ठाणं मांडलेल्या स्वयंसेवकांचा डब्लिनच्या शरणागतीवर विश्वास बसेना. उठावाचा नेता पिअर्स याचा लेखी हुकूम त्यांच्या माणसांनी स्वतः जाऊन आणला, तेव्हाच त्यांनी शस्त्रं खाली ठेवली.

ॲबी की आणि टेम्पलशॅनन या समोरासमोरच्या काठांवर माणसाच्या डोक्याएवढी काँक्रीटची भिंत आली, तर पूर अडेल, पण चालणाऱ्याला नदी दिसणार नाही. दुकानं वाचतील, पण त्यांच्यासमोरून फिरायला कोण येईल? उन्हाळ्यात स्ट्रॉबेरीच्या दिवसांत बाहेरगावची माणसं येतात, ती या काठांवरही रेंगाळावीत. भिंत लागणारच असेल तर ती कुठे, किती उंच, कोणत्या दगडाची, आणि कुठे काढता-घालता येणारे अडसर पुरतील, हे आधी गावाला दाखवा. वरच्या खोऱ्यात पाणी थोपवण्यासाठी शेतकऱ्यांना मोबदला देऊन ओलसर कुरणं राखता येतील का, हेही तपासा. त्यानं सगळा पूर थांबणार नाही हे मला माहीत आहे, पण भिंत थोडी बुटकी होत असेल तर तेही हवं आहे.

आराखड्याचं प्रतिरूप अथेनियममध्ये ठेवा, शनिवारी ठेवा म्हणजे बाजाराला आलेली माणसं पाहतील, आणि त्याच दिवशी काम सुरू करण्याची तारीख जाहीर करा.

आपली,
स्लेनीकाठची एक मराठी रहिवासी