स्पॅम नुसता कटकटीचा नव्हे

संपादक महोदय,

३ मे १९७८ रोजी अर्पानेटवर (इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर) संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकगठ्ठा गेली, तेव्हा फक्त चिडचिड झाली. खरी मेख ईमेल पाठवण्याच्या १९८२च्या एसएमटीपी नियमांत आहे: पाठवणाऱ्याची खातरजमाच नाही. २००३च्या सोबिग विषाणूने तर लोकांचेच संगणक स्पॅमच्या कामाला जुंपले, आणि जाहिरातबाज व गुन्हेगार एकाच पंगतीत बसले.

संशयास्पद मेलचे मूळ हेडर (मेलसोबतची तांत्रिक नोंद) उघडून 'डीमार्क'पुढचा, म्हणजे पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या (पत्त्यातील @ नंतरच्या नावाच्या) तपासणीचा, शेरा पाहावा. एकटा एसपीएफ (मेल डोमेनच्या मान्य सर्व्हरवरून आला का, ही तपासणी) 'फेल' असणे पुरावा नव्हे. फॉरवर्ड केलेल्या साध्या मेलचेही तसे होते. उलट डीमार्क 'पास' पाहूनही हुरळू नये. भामटे मिळतेजुळते डोमेन रीतसर विकत घेतात, त्यामुळे पत्त्यातील @ नंतरचे अक्षर न् अक्षर वाचावे. अनोळखी स्पॅममधले 'अनसबस्क्राइब' दाबू नये. पत्ता चालू असल्याची ती पोचपावतीच ठरते.

– एक वाचक