लांबट दिवाणखाना आणि तुमचे चार रविवार

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते सर्वांना वाचता येईल असे मुद्दाम लिहिले आहे, कारण लांबच लांब, अरुंद दिवाणखाना आणि बेताचे पैसे एवढेच हाताशी असलेल्या कुणालाही तुम्ही मला शिकवलेल्या गोष्टींचा उपयोग होईल, अशी माझी खात्री आहे.

आमचा दिवाणखाना २६ फूट लांब आणि साडेअकरा फूट रुंद. घर १९५० च्या दशकातले असल्यामुळे भिंती साध्या, छत फार उंच नाही, एका टोकाला जवळजवळ भिंतभर खिडकी आणि दुसऱ्या टोकाला कोरी भिंत. राहायला आलो तेव्हा आम्ही सगळे सामान दोन्ही लांब भिंतींना टेकवून ठेवले होते. त्यामुळे बसणारे सगळे रांगेत बसल्यासारखे दिसत, शेजारच्याशी बोलायचे तर मान वळवावी लागे आणि खिडकीकडे जाणारा माणूस दर वेळी बोलणाऱ्यांच्या मधून जाई. एका दुकानातल्या विक्रेत्याने यावर भिंतीच्या लांबीचा सोफा आणि नवे खोटे छत असा उपाय सुचवला होता. त्यात आमची ठरवलेली रक्कम एकाच फटक्यात संपली असती. तो कागद घेऊन मी तुमच्याकडे आले ती फक्त एखाद्या चांगल्या सुताराचा नंबर मागायला. तुम्ही कागद वाचलात, घडी घालून मला परत दिलात आणि म्हणालात, ‘आधी खोली मोजू या. खरेदीचे नंतर पाहू.’ आयुष्यभर वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात आराखडे काढलेल्या माणसाने त्यानंतरचे चार रविवार शेजारच्या घरासाठी दिले, याचे मोल मी कसे सांगणार?

पहिल्या रविवारी आपण फक्त मापे घेतली. भिंतींची लांबी मी आधीच लिहून ठेवली होती, पण दार किती उघडते, खिडकीची कड जमिनीपासून किती उंच आहे, विजेची बटणे आणि प्लग कुठे आहेत, हे काहीच लिहिले नव्हते. तुम्ही चौकटीच्या कागदावर एका फुटाला एक चौकोन धरून सारे उतरवलेत. मग वर्तमानपत्रे चिकटवून सोफा, खुर्च्या आणि टेबल यांच्या मापाचे कागद कापलेत, ते जमिनीवर पसरलेत आणि आठवडाभर तसेच ठेवायला सांगितलेत. तो आठवडा मी विसरणार नाही. जाता-येता आमचे पाय सोफ्याच्या कागदाच्या एकाच कोपऱ्यावर पडत होते आणि बुधवारपर्यंत तो कोपरा फाटून निघाला. पुढच्या रविवारी तुम्ही त्या फाटलेल्या जागेकडे बोट दाखवून एवढेच म्हणालात, ‘घरातली वाट इथून जाते. सोफा सरकवा.’ विकत घेतलेला सोफा तिथे आला असता, तर ही गोष्ट आम्हाला रोज गुडघ्याने शिकावी लागली असती.

खोलीची लांबी हा दोष आहे, अशीच माझी समजूत होती आणि ती लांबी कशी लपवायची, एवढेच मी विचारत होते. तुम्ही मात्र एका खोलीच्या तीन जागा केल्यात. दाराजवळ चार फुटांची मोकळी जागा, मध्यभागी जेवणाचे आणि कामाचे टेबल आणि खिडकीच्या बाजूला बैठक. साडेसहा फुटांचा आमचा जुनाच सोफा खोलीत आडवा ठेवून त्याची पाठ टेबलाकडे केलीत. एका बाजूला तीन फुटांची वाट मोकळी राहिली आणि दुसऱ्या बाजूच्या दोन फुटांत छोटे स्टूल आणि दिवा बसला. गालिचाही तुम्ही आडवाच घालायला लावलात, म्हणजे त्याची लांबी खोलीच्या रुंदीत गेली, आणि सोफ्याचे व खुर्च्यांचे फक्त पुढचे पाय त्यावर आले. गालिचा मोठा घ्यावा लागला नाही, तरी बैठक एकत्र बांधल्यासारखी दिसू लागली. सोफ्यापासून समोरच्या बुटक्या टेबलापर्यंत १६ ते १८ इंच अंतर ठेवायचे, म्हणजे पाय हलवता येतात आणि कपही हाताशी राहतो, हे माप मी आता कुणाच्याही घरी गेले तरी नजरेने तपासते.

याच दरम्यान तुम्ही मला ज्या गोष्टी सांगितल्यात, त्यांनी माझ्या मनातला संकोच गेला. पैसे कमी आहेत म्हणून आपण घराच्या काळातल्या, म्हणजे १९५० च्या आसपासच्या साध्या आधुनिक शैलीची नुसती नक्कल करणार, असे मला वाटत होते. चार्ल्स आणि रे ईम्स या फर्निचर घडवणाऱ्या दांपत्याने दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी जखमी पायांना आधार देणाऱ्या प्लायवूडच्या फळ्या वाकवून बनवल्या आणि त्याच अनुभवातून पुढे त्यांच्या प्लायवूडच्या खुर्च्या आल्या, हे तुम्ही खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत सांगत होता. चांगली वस्तू कमी खर्चात जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचावी, हा त्यांचा हेतूच होता. वास्तुरचनाकार एरो सारिनेन यांना टेबलाखुर्च्यांच्या पायांचा गुंता खटकत असे आणि म्हणून त्यांनी १९५० च्या दशकात एकाच खांबावर उभी राहणारी खुर्ची घडवली, हेही तुमच्याकडूनच कळले. त्यानंतर आमच्या खोलीकडे पाहिले तेव्हा पहिल्यांदा जमीन दिसली. जमिनीला टेकलेली दोन खोकेवजा कपाटे आपण हलवली आणि उरलेल्या एका कपाटाला सहा इंचांचे निमुळते लाकडी पाय लावले. सामानाखालून जमीन दिसत राहिली की अरुंद खोली मोकळी वाटते. या कामाला खर्च आला तो फक्त चार पायांचा आणि काही स्क्रूंचा.

बुटक्या, लांब कपाटाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायलाच हवे. एका ओळखीच्या कुटुंबाने ते टाकून द्यायला काढले होते. वरच्या पृष्ठभागावर पेल्यांचे पांढरे वण होते, पॉलिश काळवंडले होते आणि एक दार लटकत होते. मी घासायचे यंत्र भाड्याने आणण्याच्या तयारीत होते. तुम्ही दाराची कड उजेडाकडे धरलीत आणि नखाने दाखवलेत की वरचे सागवान म्हणजे एका मिलिमीटरहूनही पातळ पापुद्रा आहे, खाली दुसरेच लाकूड आहे आणि यंत्राने तो पापुद्रा क्षणात निघून जाईल. मग पाठीमागच्या पायावर, जिथे कुणाचे लक्ष जाणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस तुम्ही टेकवलात. कापसावर तांबूस रंग उतरला. ‘लाखेचे पॉलिश आहे, हे स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा घासायची गरज नाही,’ असे म्हणताना तुमच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मला अजून दिसतो. पांढरे वण केवळ पॉलिशमध्ये असतात आणि काळे डाग लाकडात उतरलेले असतात, हा फरक मला त्या दिवशी समजला. खिडक्या उघड्या ठेवून आणि जवळपास कुठेही ज्योत पेटलेली नाही याची खात्री करून, कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या पुरचुंडीने आपण लाखेचे पातळ हात एकावर एक दिले. प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचे आणि पुरचुंडी पृष्ठभागावर मध्येच थांबू द्यायची नाही, एवढेच तुम्ही पुन्हा पुन्हा सांगत होता. तिसऱ्या हातानंतर लाकडाच्या रेषा वर आल्या आणि मी काही वेळ नुसती पाहत उभी राहिले. आज घरात येणारा प्रत्येकजण पहिल्यांदा त्या कपाटाजवळ थांबतो.

रंगाचे काम थोडक्यात झाले. लांब भिंती फिकट ठेवून फक्त टोकाच्या कोऱ्या भिंतीला गडद शेवाळी रंग दिल्यामुळे ती जवळ आल्यासारखी वाटते. चौकटींवरचा जुना तेलरंग मात्र तुम्ही मला कोरडा खरवडू दिला नाहीत. त्या काळच्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते आणि त्याची धूळ श्वासात जाणे मुलांना फार घातक, म्हणून आपण तो तसाच ठेवून वरून नवा रंग दिला. पडद्याचा दांडा छताजवळ आणि खिडकीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा इंच बाहेर लावला, आणि चित्रे जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर त्यांचा मध्य येईल अशी टांगली. छतावरची एकच ट्यूब लावण्याऐवजी तीन वेगवेगळ्या उंचीवर २७०० केल्विनचे पिवळसर दिवे लावले. त्यामुळे संध्याकाळी खोलीत उजेडाची तीन बेटे तयार होतात आणि लांबीची आठवणही येत नाही. खरे सांगायचे तर सर्वांत कमी पैशांत सर्वांत जास्त बदल या दिव्यांनी केला, असे माझे मत आहे.

ठरवलेल्या रकमेतली जवळजवळ अर्धी शिल्लक राहिली. त्यातला एक भाग आपण सोफ्याच्या बैठकीच्या नव्या, घट्ट फोमवर आणि जाड कापडाच्या कव्हरवर घातला, कारण रोज अंग टेकते तिथे काटकसर करायची नाही, असा तुमचा आग्रह होता. तो आग्रह किती योग्य होता, ते माझ्या सासूबाई रोज सांगतात. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे जुन्या खचलेल्या सोफ्यावरून त्यांना हात धरून उठवावे लागे. आता त्या आपणहून उठतात आणि दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत वाचत बसतात.

एक काम राहिले आहे. टेबलावरचा टांगता दिवा तुम्ही पृष्ठभागापासून ३० इंचांवर यावा असे आराखड्यात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे आणि तार, होल्डर, सगळे आणून ठेवले आहे. तुमचा मोजपट्टीचा टेपही त्या बुटक्या कपाटाच्या डाव्या खणात आहे. येत्या रविवारी सवड असेल तर या. टेपचे दुसरे टोक मी धरेन.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची शेजारीण