पाठीवरचा काळा डाग आणि डोक्यावरचा पॉलिश पेपर

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा मनातल्या मनात माझं मृत्युपत्र लिहून झालं होतं. पाठीवर, डाव्या खांद्याखाली, अंगठ्याच्या नखाएवढा काळा डाग. वरून खडबडीत, कडा उचललेल्या. हिने फोटो काढून दाखवला आणि मी रात्री दोनपर्यंत मोबाइलवर तसलेच फोटो बघत बसलो. माणसाने रात्री दोन वाजता काहीही वाचावं, फक्त आजारांबद्दल वाचू नये.

तुम्ही दिव्याचं ते छोटं भिंग डागावर टेकवलंत. दहापट मोठं दिसतं म्हणालात. मग तेच स्क्रीनवर दाखवलंत: मेंदूच्या वळ्यांसारखे उंचवटे, त्यांत बारीक पांढरे दाणे आणि काळपट भोकं. "मेणाचा थेंब वरून चिकटवल्यासारखा दिसतोय ना? सेबोऱ्हिक केराटोसिस. वयोमानाने येतात. याचा कॅन्सर होत नाही."

मी म्हटलं, तरी काढूनच टाका. तुम्ही विचारलंत, "कपड्यात अडकतो? खाजतो? रक्त येतं?" तिन्हींना नाही म्हटल्यावर म्हणालात, "मग राहू दे की बिचारा."

पहिले आभार या 'राहू दे'चे. काढायला तयार असलेला पेशंट समोर बसलेला असताना नको म्हणणं सोपं नसतं.

मी शर्ट चढवायला लागलो तर तुम्ही थांबवलंत. मी दाखवायला आलो होतो एक डाग. तुम्ही बघितलात सगळा माणूस. मानेवरच्या चामखिळी (आणि त्यावरून शुगर तपासली आहे का, ही चौकशी), पोटावरचे लाल ठिपके, बोटाखाली सटकणारी दंडावरची चरबीची गाठ. सगळी निरुपद्रवी मंडळी. तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखंही पाहिलीत, कारण सावळ्या कातडीत मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा कातडीचा घातक कॅन्सर, बऱ्याचदा तिथेच लपतो. माझ्यासारख्या गोऱ्या माणसालाही तळपाय माफ नव्हते.

सगळ्यात शेवटी माझं टक्कल. तिथे तुम्ही बघितलं कमी आणि चाचपलं जास्त. अंगठा एका जागी थांबला.

"हे कधीपासून?"

"कुठे काय?"

माझंच बोट धरून तुम्ही तिथे फिरवलंत. पॉलिश पेपर! सुताराकडचा बारीक दाण्याचा. डोळ्यांना जेमतेम फिकट गुलाबी, पण बोटाला अगदी स्पष्ट. असे चार, आणि उजव्या कानाच्या पाळीच्या वरच्या कडेला पाचवा. मी त्याला कोरडी कातडी समजून दोन वर्षं तेल चोळत होतो. खपली निघायची, पुन्हा धरायची.

ज्याची भीती होती तो साधा निघाला, आणि ज्याची दखलही घेतली नव्हती त्याचं नाव ॲक्टिनिक केराटोसिस. कॅन्सरच्या अलीकडची पायरी. तुम्ही घाबरवलंही नाहीत आणि थापही मारली नाहीत. असा एखादा चट्टा आपोआप जातो, बरेचसे तसेच राहतात, थोडे पुढे सरकून स्क्वेमस सेल कॅन्सर (कातडीचाच एक कॅन्सर) होतात. कुठला सरकणार ते आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांचा बंदोबस्त करायचा. एवढं सरळ मला कुणी काही समजावलं नव्हतं. एकतीस वर्षं मी मैदानावर पोरांना पळवलं, तेही बोडक्या डोक्याने. टोपी घालणं मला कमीपणाचं वाटायचं. तुम्ही म्हणालात, कातडी उन्हाचा हिशेब ठेवते, खोडत नाही.

कानावरचा जाड होता आणि दाबला की दुखायचा, म्हणून त्याला सरळ औषध न लावता आधी तुकडा काढून तपासायला पाठवलात. दहा दिवस मी कसे काढले ते हिला विचारा. रिपोर्ट आला: पायरी ओलांडलेली नव्हती. मग त्यावर द्रव नायट्रोजन. उणे १९६ अंशांचा तो फवारा! पांढरी वाफ, सेकंदभर काहीच नाही, आणि मग बर्फाने डसावं तसं. दुसऱ्या दिवशी फोड, पंधरा दिवसांत नवी कातडी.

डोक्यासाठी फ्लुरोयुरॅसिलचं मलम, दिवसातून दोनदा, तीन आठवडे. खरा कस इथे लागला. तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलं होतंत, 'आधी बिघडेल, मग सुधरेल', आणि खाली दोन रेघा. तरी बाराव्या दिवशी आरशात बघून मी हबकलो. डोकं लालबुंद, जागोजागी खपल्या. शिवाय जिथे मला काहीच दिसत नव्हतं तिथेही औषधाने लपलेले चट्टे शोधून काढलेले. फोन केला. तुमच्या सिस्टरांनी फोटो मागवला, तुम्हाला दाखवला आणि सांगितलं, "काका, औषध काम करतंय. बंद करू नका." तो फोन उचलला गेला नसता तर मलम त्याच दिवशी कचऱ्यात गेलं असतं. सिस्टरांचेही आभार. मांजरीला डोक्याशी येऊ देऊ नका, हे मलम चाटलं तर तिच्या जिवावर बेतेल, हेही त्यांनीच बजावलं होतं. आमची मनी तीन आठवडे खोलीबाहेर रुसून बसली.

बोलणी खाल्ली त्याबद्दलही आभारच मानतो. मानेवरच्या चामखिळीला दोरा बांधून ती मी पिकवली होती, आणि पाठीवरच्या डागासाठी जाळायचं औषध आणून ठेवलं होतं. तुम्ही चिडलात ते पहिल्यांदा आणि तेवढंच. डाग काय आहे हे कळायच्या आत जाळला तर तपासायला उरतं काय, आणि तो मेलानोमा असता तर वरून भरलेल्या जखमेखाली निवांत वाढला असता. घरी गेल्या गेल्या बाटली फेकली.

तिळांतला मेलानोमा ओळखण्यासाठी दिलेली ए-बी-सी-डी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे: दोन अर्धी बेमेल, कडा वेड्यावाकड्या, एकाच तिळात दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरहून मोठा. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हे १९८५ मध्ये मांडलं, 'ई' म्हणजे बदलत जाणारा हे नंतर जोडलं, असं तुम्ही सांगितलंत. माझ्या मते 'ई'च पहिली असायला हवी होती. तीळ बदलला हे घरच्यांनाही कळतं. मिलिमीटर मोजायला कोण बसतंय?

आता टोपी आहे, सनस्क्रीनही आहे. ऑस्ट्रेलियातल्या, १९९३ साली छापून आलेल्या अभ्यासात ते नियमित लावणाऱ्यांना नवे चट्टे कमी आले आणि जुन्यांतलेही काही मावळले, हे तुमच्याकडून ऐकल्यावर वाद घालायला जागाच उरली नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ही माझ्या डोक्यावरून बोट फिरवते. परवा डाव्या कानामागे थांबली. मला वाटतं चष्म्याच्या दांडीचं घासणं आहे. तिचं म्हणणं, पॉलिश पेपर. एकमत होईना, म्हणून गुरुवारची वेळ घेतली आहे. तेल लावलेलं नाही.

आपला,
पाठीवरचा डाग अजून सांभाळून असलेला पेशंट