इंजेक्शन पाजलं म्हणून बोंब, पण खरी चूक दुसरीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गेला आठवडाभर एक व्हिडिओ फिरतोय. रात्रीची वेळ, मुलांचा वॉर्ड. सिस्टर इंजेक्शनच्या बाटलीतून औषध ओढते, सुई काढून टाकते, वाटीतलं थोडं साखरपाणी त्याच सिरिंजमध्ये घेते आणि वर्षभराच्या पोराच्या गालाच्या आत हळूहळू सोडते. मागून बापाचा आवाज येतो, ‘अहो, हे टोचायचं असतं, पाजताय काय?’ त्याखाली लोकांनी जे लिहिलंय ते छापण्याजोगं नाही. मी एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली अठरा मुलांच्या वॉर्डात काढली. म्हणून चार शब्द लिहिते.

त्या पोराचा खोकला ऐका. कुत्रं भुंकल्यासारखा खोकला, आणि श्वास आत ओढताना घशातून निघणारी ती शीळ. हा क्रुप. विषाणूमुळे स्वरयंत्राखालची जागा सुजते. मोठ्या माणसाचा जेवढ्या सुजेने नुसता आवाज बसेल, तेवढीच सूज बाळाच्या नळीएवढ्या श्वासमार्गाला भारी पडते. त्यात ते रडलं की श्वास आणखी जोराने ओढला जातो आणि वाट अजून आक्रसते. त्यामुळे अशा मुलाला आईच्या मांडीवरून उचलायचं नाही, घशात चमचा घालून बघायचं नाही आणि गरज नसेल तर टोचायचंही नाही, असं आम्हाला पहिल्यापासून बजावलेलं असतं.

यावरचं औषध डेक्सामेथासोन, सूज उतरवणारं स्टेरॉइड. ते तोंडाने दिलं तरी मांडीत टोचल्याइतकंच लागू पडतं. डोस किलोला ०.६ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे दहा किलोच्या पोराला सहा मिलिग्रॅम. आता कपाटात जी गोळी असायची ती अर्ध्या मिलिग्रॅमची. धाप लागलेल्या बाळाला बारा गोळ्या कुटून पाजून बघा! इंजेक्शनच्या बाटलीत एका मिलिलिटरला चार मिलिग्रॅम असतात, दीड मिलिलिटरमध्ये काम होतं. चव कडूजहर, म्हणून साखरपाणी. मूल ओकलंच किंवा गिळण्याच्या अवस्थेत नसलं, तर मग सुई आहेच. सिस्टरने औषध बरोबर दिलं, मार्गही बरोबर निवडला.

आपल्याकडे मात्र टोचल्याशिवाय गुण येत नाही. सलाईन लावलं नाही तर डॉक्टरने काही केलंच नाही, असं पेशंटचे नातेवाईकच काय, कधीकधी आमचे इंटर्नही मानतात. व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकचं उदाहरण घ्या. एका विशिष्ट जिवाणूमुळे आतड्याला सूज येऊन जुलाब लागतात, तेव्हा हे औषध शिरेतून कितीही द्या, आतड्यात पुरेसं पोचत नाही. तीच इंजेक्शनची पूड विरघळवून पाजली की जिथे हवं तिथेच काम करते. आणि अंगात दुसरीकडे असलेल्या जंतुसंसर्गाला तेच पाजलं तर उपयोग शून्य, कारण आतड्यातून ते रक्तात उतरत नाही.

म्हणजे कुठलंही इंजेक्शन पाजता येतं असं नव्हे. इन्सुलिन पोटात पचून जातं. जेंटामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिकं आतड्यातून शोषलीच जात नाहीत. नवजात बाळाच्या मांडीत व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देताना हमखास कुणीतरी आजी म्हणते, ‘एवढंसं लेकरू, तोंडाने द्या की!’ तोंडाने देता येतं, पण एका डोसवर भागत नाही. काही आठवड्यांनी होणाऱ्या रक्तस्रावापासून टोचलेला एक डोस जेवढं राखतो तेवढं पाजलेला एक डोस राखत नाही. तेव्हा आजी, तिथे टोचायचंच. आणि ही वाचलेली माहिती घेऊन कुणी मेडिकलमधून बाटली आणून घरी पाजू नये. काही इंजेक्शनांत बेंझिल अल्कोहोलसारखे पदार्थ मिसळलेले असतात, ते तान्ह्या बाळांना सोसत नाहीत. काचेची अँप्युल फोडली तर काचेचे कणही आत पडतात.

आता माझी खरी तक्रार. व्हिडिओच्या शेवटी सिस्टर ती सिरिंज ट्रेमध्ये ठेवते. ट्रेमध्ये तशाच आणखी तीन भरलेल्या सिरिंजा आहेत, एकीवरही चिठ्ठी नाही. हे बघून माझ्या पोटात गोळा आला.

कारण मी हे भोगलंय. पॅरासिटामॉलचं गुलाबी सिरप मी साध्या पाच मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये भरून ठेवलं होतं. ड्यूटी बदलली, आणि पुढची सिस्टर ते सलाईनच्या नळीला लावायला निघाली. पोराची आई म्हणाली, ‘सिस्टर, हे तर गुलाबी आहे.’ त्या बाईमुळे पोर वाचलं आणि मीही. नुसतं डेक्सा चुकून शिरेत गेलं तर एक वेळ निभावेल, ते इंजेक्शनच आहे. पण त्यात साखरपाणी मिसळलं की ते शिरेत घालण्याचं औषध उरत नाही, आणि दिसायला मात्र पाण्यासारखंच. तिथे कुठली आई ओळखणार?

हीच चूक लसीच्या बाबतीतही होते. बाळांना जुलाबापासून राखणारी रोटाव्हायरसची लस पाजायची असते, पण पुण्यात तयार होणारी एक लस बाटलीत पूड, सोबत द्रावण आणि सिरिंज अशा रूपात येते. घाईत हात मांडीकडे जायला वेळ लागत नाही. अमेरिकेत २००६ ते २०१३ या काळात रोटाव्हायरसची लस टोचली गेल्याच्या ३९ नोंदी झाल्या होत्या.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. तोंडाने द्यायच्या औषधासाठी वेगळी सिरिंज मिळते. तिच्या टोकाला सुई बसत नाही आणि ती सलाईनच्या नळीलाही लागत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००७ सालीच रुग्णालयांना अशा सिरिंजा वापरण्याची सूचना निघाली. तिथे त्या बहुधा जांभळ्या असतात, लांबून ओळखू याव्यात म्हणून. माझ्या अख्ख्या नोकरीत इंडेंटवर, म्हणजे सामानाच्या मागणीपत्रावर, मी ती कितीदा लिहिली! दरवेळी शेरा तोच, ‘उपलब्ध नाही, साधी वापरा’.

मिळेपर्यंत निदान एवढं व्हावं. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘इंजेक्शन डेक्सा, तोंडाने’ असं अक्षरात लिहावं, फोनवर सांगून मोकळं होऊ नये. सिस्टरने भरलेलं औषध तिथल्या तिथे द्यावं, ट्रेमध्ये ठेवू नये, आणि सुई अन् टोपण दोन्ही काढून आधी डब्यात टाकावं; सिरिंजचं टोपण मुलाच्या घशात अडकू शकतं. आणि पाजण्याआधी बापाला सांगावं, ‘दादा, हे टोचायचंच औषध आहे, पण पाजलं तरी तेवढंच चालतं, आणि पोराला रडवायचं नाहीये.’ ड्यूटीवर एक सिस्टर आणि खाटा चाळीस असल्या की हे दोन शब्द राहून जातात, हे मला ठाऊक आहे. त्या सिस्टरचेही तसेच राहिले असणार.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
(नाव व गाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)