‘एडिटिंग-रेडी’ म्हणून विकलेल्या कन्व्हर्टरबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डीव्हीडीतल्या घरगुती व्हिडिओंचं कन्व्हर्जन न झाल्यामुळं पैसे परत मिळणेबाबत

आज दुपारी तुमच्या माणसानं फोन ठेवला आणि मी लगेच लिहायला बसले. चॅटवर ‘तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ यापलीकडं काही येत नाही, तेव्हा आता वरच्यांनीच वाचावं.

डीव्हीडीतला व्हिडिओ एडिट करता येईल अशा फाइलमध्ये बदलायचं हे सॉफ्टवेअर तुमचंच, ते काय करतं हे मी सांगायला नको. काय करत नाही, ते ऐका. माझ्याकडं घरच्या व्हीएचएस कॅसेटवरून केलेल्या डीव्हीडी आहेत. भावानं नव्वदच्या दशकात केलेलं शूटिंग: खासबागेतल्या कुस्त्या, जोतिबाची चैत्र यात्रा, बारशी, लग्नं. आप्पा तालमीत वस्ताद होते. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, आणि त्या दिवशी दाखवायची फिल्म मी एडिट करणार आहे. मी म्हणजे मीच. त्यावर पुढं येतेच.

डीव्हीडीतल्या व्हीओबी फाइल, म्हणजे ज्यात चित्र आणि आवाज असतो त्या: एमपेग-२ फॉरमॅट, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत), चित्र ४:३. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ही भानगड धड पचत नाही, म्हणून तर तुमचं दुकान चालतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘वन क्लिक, एडिटिंग-रेडी’. केलं क्लिक. हातात आला एक एमपी४, त्याचा फ्रेम रेट कधी २३, कधी ३०. चित्र १६:९ वर ताणलेलं. आमची आई जन्मात कधी एवढी रुंद नव्हती. पैलवानानं हात झटकला की हाताच्या कडेला आडव्या रेघा फुटतात, म्हणजे इंटरलेस नावाची गोष्ट असते हे तुमच्या प्रोग्रॅमच्या गावीच नाही. जोतिबावर गुलाल उधळला की पडदाभर गुलाबी चौकोन. बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, वाचवून कुणाचं भलं केलंत?

आणि हलगी. सुरुवातीला बरोबर असते, मग फाइल जसजशी पुढं जाते तसतसा आवाज मागं पडत जातो. शेवटच्या कुस्तीपर्यंत अशी गत होते की काडी हलगीवर पडते, वाजवणाऱ्याचा हात वर जातो, आणि मग कुठं कडकडाट ऐकू येतो.

व्हीओबीचे एकेक जीबीचे तुकडे असतात. ते सलग जोडून मग कन्व्हर्ट करायचे, हे तुम्हाला मी शिकवायचं का? तुमचा प्रोग्रॅम प्रत्येक तुकडा सुटा घेतो आणि सांध्यावरचं खाऊन टाकतो. एका कुस्तीत घिस्सा मारलाय, खालचा पैलवान उलटायला लागलाय, आणि पुढच्या फाइलमध्ये थेट लोक फेटे उडवतायत. चितपट गेली कुठं?

यावर तुमचं उत्तर होतं, ‘प्रोरेस हवं असेल तर प्रो व्हर्जन घ्या.’ घेतलं. प्रोरेस म्हणजे एडिटिंगसाठीचा जड फॉरमॅट, फाइल फुगून हार्ड डिस्क भरली. आवाज मागंच, आई रुंदच.

आता आजचा फोन. सगळं सांगून झाल्यावर तुमचा प्रतिनिधी म्हणाला, “मॅडम, व्हीएलसीमध्ये चालतंय ना? मग फाइल ओके आहे.” मी म्हटलं, मला नुसती बघायची नाही, कापायची आहे, आणि कट मारावा एकीकडं तर तो पडतो दुसरीकडं. शांतता. “मग टेप जुनी असणार मॅडम.” मी म्हटलं, तुमच्या प्रोग्रॅमनं टेप पाहिलेलीच नाही, त्यानं डीव्हीडी पाहिलीय, आणि डीव्हीडीवर आवाज जुळतोय. पुन्हा शांतता. मागं कुणीतरी हसलं. मग अगदी समजुतीच्या सुरात, “घरात कुणी जेंट्स आहेत का? मुलगा वगैरे? त्यांना फोन द्या ना, त्यांना लगेच कळेल.” माझा मुलगा पुण्यात असतो, आणि त्याचा प्रिंटर अडला की तो मला फोन करतो. हे मी सांगितलंसुद्धा. त्यावर “ओके मॅडम”, आणि मग तोडगा निघाला: डीव्हीडी टीव्हीवर लावा, समोर मोबाइल धरा आणि शूट करा. “बरेच कस्टमर तसंच करतात.”

बरेच कस्टमर! वर्षाचे पैसे आगाऊ भरायचे, वर प्रोचे भरायचे, आणि व्हिडिओ कशानं करायचा, तर टीव्हीपुढं मोबाइल धरून! उभा धरायचा का आडवा, तेवढं विचारायचं राहिलं. बाबूराव पेंटरांनी आणि दामल्यांनी शंभर वर्षांमागं सिनेमासाठी या कोल्हापुरात कॅमेराच स्वतः बनवला. खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ उभा आहे, या एकदा बघायला. त्या गावातल्या माणसाला टीव्हीचं शूटिंग करा म्हणून सांगायला खरंच काळीज लागतं.

राहता राहिली ‘जुनी टेप’. त्याच व्हीओबी मी एफएफएमपेग नावाच्या कन्व्हर्जनच्या प्रोग्रॅममधून काढल्या. तो फुकट मिळतो. तुकडे सलग जोडले, इंटरलेस काढून सेकंदाला ५० फ्रेम केल्या, चित्र ४:३ ठेवलं, आवाज ४८ किलोहर्ट्झ पीसीएम (म्हणजे न दाबलेला), फाइल प्रोरेस. हलगी काडीबरोबर वाजली. चितपटही सापडली. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करत बसणं काही सुखाचं नाही, पण तेवढ्याचसाठी तर तुम्हाला पैसे दिले होते!

तर मूळ वर्गणी आणि प्रोचे पैसे, दोन्ही पूर्ण परत करा. कूपन नको, पुढच्या वर्षाची सवलत तर मुळीच नको. ‘कॉल ट्रेनिंगसाठी रेकॉर्ड होत आहे’ असं तुमचं यंत्र दर वेळी ऐकवतं. आजचा जपून ठेवा, ट्रेनिंगला उपयोगी पडेल.

१५ दिवसांत पैसे आले नाहीत तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाणार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं मला माझ्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळं हेलपाटे तुम्हाला पडतील. दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी, दोन्ही मुद्दे मांडणार आहे. स्क्रीनशॉट आहेत, दोन्ही फाइलही आहेत. शेजारी शेजारी लावून दाखवीन, हलगीसकट.

वाईट याचं वाटतं की तुमचंच फोटोंचं सॉफ्टवेअर मी कैक वर्षं वापरलं आणि भिशीतल्या बायकांना आग्रहानं घ्यायला लावलं. त्या आता विचारतात, व्हिडिओचं घेऊ का? त्यांना काय सांगते ते तुम्हाला कळेलच.

उत्तर लेखी द्या. फोन करायचाच झाला तर जेंट्सना मागू नका. या नंबरवर मीच असते.

तुमची (अजून तरी) ग्राहक,
कोल्हापूर